रव्याचा डबा

फुजैरा,
रविवार, ४ मे २०२५

चि. शुभ्रा,
अनेक आशीर्वाद.

या आशीर्वादापर्यंत पोहोचायलाच तीन कागद फुकट गेले. पहिल्यावर सवयीने 'चि. सौ. शुभ्रा' लिहिलं. मग वाटलं, ते 'सौ.' माझ्या मुलामुळे लागलेलं, ते आता कशाला. दुसऱ्यावर नुसतं 'शुभ्रा' लिहिलं, तर ते शाळेतल्या हजेरीसारखं दिसायला लागलं. तिसऱ्यावर चहा सांडला. ही चौथी खेप, आता जे उमटेल ते तुझं.

तुझा निरोप मिळाला. 'जुलैत आभाला दोन आठवडे सुट्टी आहे. यायचं असेल तर या.' त्यातला 'तर' मी निदान दहा वेळा वाचला. ह्यांना वाचून दाखवला, तर हे टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाले, "यल्ला, बुक करून टाकतो. नंतर फेअर्स वाढतील." ह्यांना स्वतःला यायला जमणार नाही. टर्मिनलवर ऑडिट आहे, आणि जहाजांना तेल भरून देणारा माणूस थंडीत काय करणार म्हणा. मी एकटी येते आहे. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा एकटी विमानात बसणार, तेव्हा न्यूझीलंडच्या लोकांना आधीच कल्पना देऊन ठेव.

फोन असताना पत्र का, असं विचारशील. फोनवर मी लिहिते, वाचते, पुसते, आणि मग तुला 'शुभ सकाळ'चं फूल पाठवते. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडून तुला सातशे तरी फुलं आली असतील. त्यातल्या निम्म्यांच्या मागे काहीतरी लिहून पुसलेलं आहे. कागदावर खाडाखोड केली तरी दिसते, त्यामुळे जरा धाक राहतो. उत्तर द्यावंसं वाटलं तर ह्यांच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवरच पाठव, इथे अजूनही घरी पोस्टमन येत नाही.

तन्मयला सांगितलं. "ओके आई, गुड फॉर यू," म्हणाला. आभासाठी काही नेऊ का विचारलं, तर "ऑनलाइन गिफ्ट कार्ड पाठवतो" म्हणाला. माझाच मुलगा आहे, मी काय बोलू? तुमचं फाटलं तेव्हा मी त्याची बाजू घेतली. तेव्हाही मला ठाऊक होतं की चूक कुणाची जास्त आहे. तरी घेतली. तुम्ही वेगळे होऊन तीन वर्षं झाली, आणि या तीन वर्षांत तू दर शुक्रवारी आभाला माझ्यासमोर, म्हणजे फोनसमोर, आणून बसवलंस. कोर्टाच्या कागदांत आजीचं कुठे नावसुद्धा नव्हतं. तुला कुणी सांगितलं नव्हतं, तरी बसवलंस. हे तोंडाने कधी म्हटलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

ड्रॅगन मार्टला जाऊन जॅकेट घेतलं. बाहेर एक्केचाळीस डिग्री, आणि मी आत फरची टोपी घालून आरशासमोर उभी. दोनशे वीस दिरम, म्हणजे पाच हजार रुपये झाले. बिलकीस बरोबर होती. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली, दापोलीची, तुला आठवत असेल. ती म्हणाली, "भाभी, अस्वल घाबरून पळेल." तुमच्याकडे अस्वलं नसतात असं आभाने मला आधीच सांगितलं आहे, म्हणून निश्चिंत आहे.

शुभ्रा, मला तुला एक वस्तू द्यायची आहे. ती तुमचीच आहे, आभाची. सोबत एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकल्यावर तू मला पुन्हा कधी 'या' म्हणशील की नाही, मला माहीत नाही. म्हणून आधी पंधरा दिवस पोट भरून आभाला बघू दे, मग सांगेन. हा स्वार्थ आहे, आणि मी तो लपवत नाही.

आभाची आजी


तुझंच घर, स्वयंपाकघरातलं टेबल,
बुधवार, ९ जुलै २०२५

चि. शुभ्रा,

तू कामावर गेलीस. तुझं ते औषधांचं दुकान तासाभराच्या रस्त्यावर, म्हणजे तू पाचपर्यंत येत नाहीस. सुजीत आभाला घेऊन रानात सापळे तपासायला गेला आहे. घरात मी, ती शेगडी आणि पाऊस. हे पत्र लिहून साखरेच्या बरणीखाली ठेवायचा बेत आहे, ती वस्तूही त्याच्यासोबत. परवा मी निघणार. समोर बसून सांगायला गेल्या दहा दिवसांत दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा "मीठ कुठे आहे" असं विचारलं. तुला वाटत असेल म्हातारीला मीठ फार लागतं.

आधी सुजीतबद्दल. तुझ्या या नव्या जोडीदाराला नापसंत करायची मी पूर्ण तयारी करून आले होते. विमानात मनातल्या मनात त्याच्या नावाने नाक मुरडून झालं होतं. आणि तो विमानतळावर माझी बॅग उचलून, बंगाली वळणाच्या हिंदीत मला मावशी करून म्हणतो, "माशीमा, आप का मेथी ले लिया ना उन लोगों ने? मेरा माँ का पाँचफोड़न भी ले लिया था." झालं, तिथेच माझी तयारी खलास. (सामान तपासणाऱ्या त्या पोरीने माझा कढीपत्ता दोन बोटांनी असा उचलला, की मी जणू झुरळ आणलं होतं. "एनी सीड्स, मॅम?" मी म्हटलं, येस, व्हेरी गुड सीड्स.) पक्ष्यांची अंडी खाणारे प्राणी पकडायचे म्हणून रोज मैलोन् मैल चालणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. त्यासाठी सरकार पगार देतं हेही मला अजून पटलेलं नाही. पण तो आभाच्या बुटाची नाडी बांधायला चिखलात गुडघा टेकतो, ते मी पाहिलं.

आता कालचं. तू बरोबर होतीस, तरी माझ्या बाजूने सांगते.

तू म्हणालीस, "बीचवर जाऊ या." मी पर्स घेतली, गॉगल घेतला. बीच म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आमचा समुद्राकाठचा कॉर्निश रस्ता, खजुराची झाडं रांगेत, शावर्माचं दुकान आणि समुद्रात तेलासाठी थांबलेली सत्तर जहाजं. तू माझ्याकडे बघितलंस आणि गमबूट पुढे सरकवलेस. मग ती अर्ध्या तासाची वाट. शुभ्रा, मी झाडं पाहिलीच नव्हती म्हणायची. जन्म पुण्यातला, मग पस्तीस वर्षं फुजैरात, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी. तुमच्या रानात दुपारी दोन वाजता अंधार होता. खोडांना हातभर शेवाळ, त्या शेवाळावर दुसरी झाडं, माणसापेक्षा उंच नेचे, आणि पाय टाकला की जमीन गादीसारखी खाली जाते. मी दोन वेळा विचारलं, "परतीचा रस्ता नक्की माहीत आहे ना?" एकदा विचारलं, "इथे सिक्युरिटी कोण बघतं?" आभा हसून हसून खाली बसली. "आजी, देअर इज नोबडी! दॅट्स द पॉइंट!"

आणि मग समुद्र दिसायच्या आधी ऐकू आला, आणि रान एकदम संपलं. मला वाटलं होतं की मध्ये काहीतरी असेल, एखादा रस्ता, कट्टा, निदान कचऱ्याचा डबा. झाडं थेट वाळूपर्यंत आलेली, वाऱ्याने सगळी एकाच बाजूला वाकलेली. राखाडी वाळू. पुरात वाहून आलेले ओंडके हाडांसारखे पांढरे होऊन पडलेले, एकेक ट्रकएवढा. ती नदी कोऱ्या चहाच्या रंगाची. मी हळूच जीभ लावून पाहिली, हे तुला ठाऊक नाही. लांबवर एक माणूस नाही, एक जहाज नाही. ह्यांना दाखवलं तर म्हणतील, धंदा कसा चालतो इथे.

पेंग्विन दिसला नाही, त्याची पावलं दिसली. सुजीतने दाखवली, त्रिकोणी, समुद्राकडून रानाकडे गेलेली. "माशीमा, ये घर गया है." समुद्रातला पक्षी झाडाखाली घर करतो, हे या वयात कळलं. त्या वेका नावाच्या कोंबडीने माझा एक हातमोजा पळवला, चिलटांनी माझं कपाळ फोडून काढलं, हाताची बोटं मला माझी वाटेनात, आणि तरी मला तिथून हलायचं नव्हतं. तू जवळ येऊन तुझा मफलर माझ्या कानांवरून गुंडाळलास आणि मागे गाठ मारलीस, करकचून. लहान मुलाला बांधतात तशी. मला रडू आलं होतं. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं असं सांगता आलं, म्हणून बरं झालं.

सुजीतने थर्मासमधला चहा दिला तेव्हा तू तोंड फिरवलंस आणि आल्याचं बिस्कीट खात बसलीस. मी काही विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण चहाच्या वासाने तोंड फिरवणारी बाई मला कळते. एवढंच.

मग गारा आल्या. आपण ओंडक्याच्या आडोशाला धावलो. तू आणि सुजीत लाकडं गोळा करत वीस पावलं पुढे होतात. आभाने मूठभर गारा उचलल्या, माझ्या गालाला लावल्या आणि काहीतरी म्हणाली. तू वळून विचारलंस, "काय म्हणाली ती?" मी म्हटलं, "काही नाही, थंडी वाजते म्हणते."

ती तसं म्हणाली नव्हती, शुभ्रा. ती म्हणाली

गाडीचा आवाज आला. तू आज लवकर कशी


फुजैरा,
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

चि. शुभ्रा,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तुझा फोन आला, तेव्हापासून घरात सण आहे. फेब्रुवारीत बाळ! मी ह्यांना सांगायला खाली पार्किंगपर्यंत चपला न घालता गेले, तळपाय भाजले. बिलकीसने शेवया पाठवल्या. तन्मयला मी कळवलं नाही, ते तुझ्या मर्जीने होऊ दे.

आणि तू म्हणालीस, "माझं माहेर तर आता राहिलं नाही. बाळंतपणाला तुम्ही याल का? तीन महिने?"

त्यावर मी जे बरळले ते तू ऐकलंस. गुडघे, व्हिसा, ह्यांचं जेवण, तिकडची थंडी. ह्यांचं जेवण! हा माणूस पस्तीस वर्षांत दोनदा जेवण करपवून तिसऱ्यांदा उत्तम खिचडी करायला शिकला आहे. गुडघे तुमच्या रानात दोन तास चालले. तुझा आवाज एकदम पडला. "बरं, बघा," म्हणालीस आणि आभाला फोन दिलास.

जगात कुठली बाई आपल्या आधीच्या सासूला बाळंतपणाला बोलावते? कुणी ऐकलं तर कादंबरी वाटेल. हा मान मला मिळतो आहे, आणि मी तो दोन्ही हातांनी घेण्याऐवजी मागे मागे सरते. का, ते गुडघ्यांवर ढकलू नकोस. मला यायचं आहे. इतकं यायचं आहे की काल दुपारी मी उगाच सुंठ कुटून ठेवली. पण आधी एक गोष्ट तुला कळायला हवी, आणि ती कळल्यावर तूच 'नको' म्हणालीस तर तो तुझा हक्क असेल. तुझ्या घरी लिहायला घेतलेलं पत्र मी तुझ्या गाडीचा आवाज येताच बॅगेत कोंबलं. साखरेच्या बरणीखाली काहीच ठेवलं नाही.

मला थोडे दिवस दे. आल्याची बिस्किटं उपाशीपोटी खा, मग उठ. आणि डॉक्टरांना काहीही म्हणू देत, पाय थंड ठेवू नकोस.

आभाची आजी


फुजैरा,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

चि. शुभ्रा,

तुझा मेसेज आला. 'जमत नसेल तर ठीक आहे, मी सोय करते.' त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागला. तेव्हा आता सांगते. सोबत जुलैतलं अर्धं पत्र जोडलं आहे. ते जिथे तुटलं तिथून पुढे.

गारा माझ्या गालाला लावून आभा म्हणाली, "आजी, इट्स कोल्ड लाइक माय ब्लू बुक! रिमेंबर? यू पुट इट इन द रवा."

या पाकिटात ते निळं पुस्तक आहे. आभाचा पहिला पासपोर्ट. जो हरवला म्हणून आपण सगळ्यांनी मिळून शोधला तो.

मार्च २०२२. घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या कपाटात, बिस्किटांच्या गोल डब्यात असायचे, तुमचेही. इथल्या प्रत्येक घरात अशी एक बाई असते आणि आपल्या घरात ती मी होते. तुझं आणि तन्मयचं बोलणं बंद झालं होतं. शनिवारी तू आभाला घेऊन आमच्याकडे आलीस, आणि बाल्कनीत साताऱ्याला फोन लावलास. मी स्वयंपाकघरात होते, खिडकी उघडी होती. तू म्हणालीस, "बाबा, तिकिटं काढते. आभाला घेऊन येते. या वेळी परतीचं काढत नाही."

मी विचार केला नाही, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. मी हात पुसले, कपाट उघडलं, आभाचा पासपोर्ट काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि फ्रीजरमधल्या रव्याच्या डब्यात खाली दाबला. इथे रवा बाहेर ठेवला की आठ दिवसांत किडे होतात, म्हणून डबा फ्रीजरमध्ये असतो आणि माझ्याशिवाय कुणी त्याला हात लावत नाही. एवढा सगळा विचार मी केला होता. आभा माझ्या पायाशी उभी होती, चार वर्षांची. तिने विचारलं, "आजी, व्हाय इज माय बुक गोइंग देअर?" मी म्हटलं, त्याला उकडतंय. पुढे सगळे 'पासपोर्ट' शोधत होते, तिला 'बुक'बद्दल कुणी विचारलंच नाही.

मला वाटलं, दोन-चार दिवस. तुझा राग उतरेल, तन्मय वठणीवर येईल, मग 'अगंबाई, इथेच होता की' म्हणून काढून देईन. नंतर तू शोधायला लागलीस आणि मी तुझ्याबरोबर शोधलं. गाद्या उलट्या केल्या, कपाट पुढे ओढलं. इतकं मन लावून शोधलं की एकदा मलाच वाटलं, आता सापडेल. एकदा शोधल्यावर पुन्हा काढून देता येईना. पोलिसांत तक्रार, कॉन्सुलेटच्या चकरा, फोटो, नवा पासपोर्ट, त्यावर पुन्हा व्हिसा. सहा आठवडे गेले. तुझे बाबा रोज फोनवर विचारायचे, "आभा कधी येणार?" पाचव्या आठवड्यात त्यांना मेंदूचा झटका आला. तू पोहोचलीस आणि तिथून मला फोन केलास, मलाच, कारण तुझी आई तर तू कॉलेजात असतानाच गेलेली. तू म्हणालीस, "आई, बाबांनी आभाकडे बघितलं आणि विचारलं, ही कुणाची?"

तेव्हा तो पासपोर्ट डब्यातच होता.

पुढे दोन महिन्यांनी ते गेले. मी तुला सांत्वनाचं पत्र लिहिलं होतं, ते तू ठेवलं असशील तर फाडून टाक.

तन्मयला यातलं काही माहीत नाही. त्याने मला सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं. आभा माझ्यापासून जाईल या भीतीने केलं. ती गेलीच, आणि जायलाच हवी होती. जुलैत तिला त्या वाळूवर धावताना पाहिलं. माझ्या फ्लॅटमध्ये ती इतकी कधी धावली नसती.

हे पत्र टाकायच्या आधी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "अनु, मी गाडीची सीट खोलून बघितली होती. दोनदा." दुसऱ्या दिवशी नाश्त्याचा उपमा पुढे सरकवून नुसता चहा घेऊन गेले. आज पोस्टात मला सोडायला मात्र तेच आले; हे शेवटचं मी काउंटरपाशीच, पाकीट बंद करायच्या आधी लिहिते आहे. काउंटरवरच्या माणसाने आत काय आहे विचारलं, तर ह्यांनीच सांगितलं, "ओल्ड डॉक्युमेंट. व्हेरी ओल्ड."

शुभ्रा, माफ कर असं लिहायला मला लाज वाटते. तरी लिहिते. माफ कर. नाही केलंस तरी शुक्रवारचा फोन बंद करू नकोस, एवढं मागते. तेही मागायचा हक्क नाही, हे कळतं मला.

अनुराधा


फुजैरा,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. शुभ्रा,

पाकीट तुला एकवीस तारखेला पोहोचलं, असं पोस्टाच्या साइटवर दिसतं. हे रोज बघतात. एकदा पोहोचलेलं पाकीट पुन्हा कसं पोहोचणार, पण बघतात.

उत्तर मागायला लिहीत नाही. शुक्रवारी आभा फोनवर येते. तू स्क्रीनवर नसतेस, पण कुणीतरी फोन भिंतीला टेकवून सरळ करतं, ते बोट तुझं असतं. मी ते बोट बघते आणि आभाशी पेंग्विनबद्दल बोलते. पिलं मोठी झाली, समुद्रात जातील आता, म्हणाली.

इथे हवा जरा सुसह्य झाली. सकाळी कॉर्निशवर चालायला जाते. समुद्राकडे बघून मला तो दुसरा समुद्र आठवतो, जिथे कुणीही नव्हतं आणि तू माझ्या कानाला मफलर बांधलास. तो मी चुकून घेऊन आले. चुकून नाही, मुद्दाम. आता यापुढे तुझी कुठलीही वस्तू न सांगता ठेवायची नाही असं ठरवलं आहे, म्हणून कळवते. म्हणशील तर पाठवते.

पाय गरम ठेव.

आभाची आजी


फुजैरा,
रविवार, २१ डिसेंबर २०२५

चि. शुभ्रा,
अनेक अनेक आशीर्वाद.

गुरुवारी हे ऑफिसातून चार वाजताच घरी आले. हातात तुझं पाकीट, न फोडलेलं. जिना चढून आले होते, लिफ्टची वाट बघवली नाही म्हणे. मी बेसिनपाशी उभी होते, ओल्या हातांनीच फोडलं. आत व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र होतं, सही-शिक्क्याचं, आणि वहीचा एक कागद. वर 'प्रिय' नाही, 'आई' नाही, 'काकू' नाही. एकदम सुरुवात.

तू लिहिलेलं मला पाठ झालं आहे, तरी इथे उतरवून काढते, म्हणजे मी बरोबर वाचलं ना हे तुला कळेल.

'मला तुमचा राग आला आणि अजून आहे. मी तीन आठवडे त्या बीचवर जाऊन ओरडत होते. तिथे ऐकायला कुणी नसतं, तुम्हीच विचारलं होतंत सिक्युरिटीचं. बाबांचं जे झालं ते मी तुम्हाला माफ करू शकत नाही. करता आलं तर सांगेन, वाट बघू नका. आभाला विचारलं. ती म्हणाली, बट मम्मा, इट वॉज फीलिंग हॉट. तिला अजून तसंच वाटतं, आणि मी तिला तसंच वाटू देणार आहे.

'पण बाळंतपणाला मला कुणीतरी हवं आहे, आणि कितीही विचार केला तरी दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही. याचाही राग येतो. या. एक अट आहे. घरात पाऊल टाकलं की तुमचा पासपोर्ट माझ्या हातात द्यायचा. मी ठेवीन. कुठे ठेवला ते विचारायचं नाही, शोधायचा नाही. मला वाटेल तेव्हा मी परत देईन.

'मफलर घेऊन या. इथे उन्हाळ्यातही गार वारा असतो.'

एवढंच. खाली सही.

मी ते मोठ्याने वाचलं आणि मग खाली बसले, तिथेच, फ्रीजला टेकून. हे घाबरले. मी हसत होते की रडत होते ते ह्यांना कळेना, मलाही नीट सांगता येणार नाही. बिलकीस धावत आली. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "हिला माझ्या सुनेची मैत्रीण करू नका, भाभी. माझं काही खरं नाही."

शुभ्रा, अट मान्य. विचारणार नाही, शोधणार नाही, तुझ्या फ्रीजरच्या दिशेला मानसुद्धा वळवणार नाही. बर्फ लागला तर सुजीतला काढायला सांगेन. बाबांच्या बाबतीत तू वाट बघू नका म्हणालीस, तर नाही बघणार. तो राग तुझा आहे, तुझ्याकडेच राहू दे. मी त्या घरात तुझ्या पायांना तेल लावीन, बाळाला न्हाऊ घालीन आणि गप्प बसायला शिकेन. शेवटचं सगळ्यात कठीण आहे, वेळ लागेल.

व्हिसाचे कागद आजच भरले. तिकीट अठरा जानेवारीचं. सुंठ, डिंक, मेथी काहीही आणत नाही, त्या विमानतळावरच्या पोरीची आणि माझी आता ओळख झाली आहे. बॅगेत पहिली वस्तू ठेवली ती म्हणजे तो डबा. हो, तोच, स्टीलचा. घासला, दोन दिवस बाल्कनीतल्या उन्हात ठेवला. तुझ्या घरी तसा नाही, मी जुलैत बघितलं होतं. रवा तू तिथे घेशील, डबा मी रिकामाच आणते. माझा पासपोर्ट त्यात घालून पाहिला. मावतो, आणि झाकण नीट बसतं.

हे बाजूला उभे राहून बघत होते. शेवटी राहवलं नाही. "आणि समजा," म्हणाले, "तिने तो परत दिलाच नाही तर?"

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

आभाची आजी